सालहाच्या हातचा दाणा

केफ, ५ नोव्हेंबर १९९८

ताई, सलाम.

परवा सालहाचं सहावं आणि शेवटचं सलाइन झालं. ट्यूनिसहून बसने परत आलो तेव्हा तुझी वहिनी माझ्या खांद्यावर झोपली होती आणि मी जागा राहून तिची पिशवी सांभाळत होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ गेली, रक्त ठीक आहे, आता तीन महिन्यांनी दाखवायला या. देवाची कृपा.

आमच्याआधी बातमी गल्लीत पोचली होती. शेजारची मबरूका खजुराच्या वड्या घेऊन दारात उभी. सालहाने मला बाहेर पाठवलं आणि ‘झोपलीय’ म्हणून सांगायला लावलं. तुलाही सहा महिने ‘येऊ नकोस’ म्हणूनच लिहीत राहिलो, त्याचा राग तुझ्या दर पत्रात दिसतो. तिच्या डोक्यावर एक केस नव्हता, ताई. तिला कुणी बघायला नको होतं. मनात धरू नकोस.

मी कसा आहे म्हणून विचारतेस. तेहतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलो, तेव्हा संध्याकाळी पाठ दुखायची आणि सकाळपर्यंत थांबायची. आता सकाळीही दुखते. घरात चहाचे पाच ग्लास फुटलेत. बाकी सगळं ठीक.

तुझा भाऊ,
बशीर

गाबेस, २२ नोव्हेंबर १९९८

बशीर,

तुझं पत्र म्हणजे तारच. सगळं ठीक, ग्लास फुटले, सही. फोन करावा तर आमच्या कोपऱ्यावरच्या हसूनाच्या दुकानातला फोन म्हणजे आख्ख्या गल्लीचा रेडिओ. मी इकडे ‘हॅलो’ म्हणते आणि डाळ घ्यायला आलेल्या बायका डाळ विसरतात. म्हणून लिहितेच आहे.

सालहा बरी झाली हे वाचून मी अंगणात बसून रडले. मग उठून बकरा सांगितला आणि गरिबांना वाटला. आता राग गेला असं मात्र समजू नकोस. बहिणीला दारातून परत पाठवणारा भाऊ बघितलाय, बहिणीने दारापर्यंतही येऊ नये म्हणून चार ओळी खरडणारा तूच पहिला.

बातमी अशी की एमनाचं ठरलं. जुलैत लग्न. मुलगा स्फाक्सचा, गुणी आहे. त्याची आई मात्र कुसकुसासाठी वळलेल्या रव्याचा दाणा न् दाणा बोटात धरून उजेडात बघते म्हणे. बघू दे. एमना जन्मली तेव्हा सालहा चाळीस दिवस माझ्या उशाशी बसली होती, आणि बाळाची नाळ पडली त्या दिवशी तिने मला शब्द दिला होता, ‘हिच्या लग्नाचा कुसकुस मी वळीन.’ या गोष्टीला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं मी व्याह्यांना काय बोलायचं ते पाठ करतेय. तीस किलो लागेल. दर वर्षी बेगमीला तू पाच किलो पाठवतोस त्यात मी पाहुण्यांचं तोंड बंद करते, तीस किलोत आख्खं स्फाक्स गप्प बसेल.

थकली असेल, कळतं मला. पण बाई बसून राहिली की गंजते. तिला कामाला लाव. हात चालले की माणूस चालतो, असं आपली आई म्हणायची.

तुझी,
नेजिया

केफ, ९ जानेवारी १९९९

ताई,

हे पत्र मी पेटीत टाकीन की नाही, मला ठाऊक नाही. तरी लिहितो. कुणाला तरी सांगायला हवंच आहे.

सालहाच्या बोटांना काही कळत नाही. दहाही बोटांना, आणि पायांच्या तळव्यांना. तिसऱ्या सलाइननंतर मुंग्या येत होत्या, आम्हाला वाटलं जातील. मुंग्या गेल्या आणि काहीच उरलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाने गाठ जाळली, तशी नसांची टोकंही जाळली. वर्षभरात परत येईल किंवा येणार नाही. एवढं सरळ सांगितल्याबद्दल मी त्यांचे आभार मानले आणि बाहेर येऊन बाकावर बसलो.

ते पाच ग्लास म्हणजे हे. मागच्या आठवड्यात तिने तापलेली किटली धरून ठेवली होती, मला वासावरून कळलं. तिची बटणं मी लावतो. चप्पल पायातून निघाली तरी तिला पत्ता नसतो, एक पाय अनवाणी, तशीच थंडीत अंगणभर फिरते. एकदा त्यावरून दोघंही खूप हसलो. एकदाच.

गाठ होती तेव्हा माणसं दारात होती. गाठ गेली, माणसंही गेली. आता जे उरलंय त्याला नाव नाही, म्हणून कुणी विचारतही नाही. जो भेटतो तो म्हणतो, ‘सुटलात बघा.’ मी म्हणतो, हो, सुटलो.

तुझं पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने कोठीतल्या रव्याच्या मडक्यात मनगटापर्यंत हात घातला आणि तशीच उभी राहिली.

‘हवेत हात घातल्यासारखं वाटतंय रे,’ म्हणाली. मग हात झटकून, ‘लिही तिला. वळीन म्हणावं.’

‘कोण वळणार?’

‘तू.’

मी हसलो. ती हसली नाही.

आपल्याकडे पुरुषाने गहू गिरणीत न्यावा, पीठ घरी आणावं, तिथे त्याचं काम संपतं. परातीत हात घातला तर सात गल्ल्यांना वर्षभर पुरेल एवढा विषय होतो. पण मला त्याची फिकीर नाही, मी निवृत्त माणूस, मला कोण काय करणार. फिकीर तिला आहे. दार बंद ठेवायचं, मबरूकाला कळू द्यायचं नाही, तुलाही कळू द्यायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली. मी म्हटलं, नेजिया घरचीच आहे, तिला सांगितलं तर काय बिघडेल. तर म्हणाली, ‘माझा आजार सगळ्यांनी बघितला. हे नाही दाखवायचं. उद्या बायका बेगमीला बसतील आणि माझ्यासमोरची परात दया येऊन उचलून नेतील, त्या दिवशी मी खरी मरेन.’

तेहतीस वर्षांत मी कुणाचं पत्र दाबून ठेवलं नाही, ताई. हे पहिलं.

बशीर

केफ, १४ जानेवारी १९९९

ताई, सलाम.

एमनाला आशीर्वाद. सालहा हो म्हणाली आहे. जूनअखेर गोणी पाठवतो. इथे बर्फ पडतंय.

बशीर

गाबेस, २ ऑगस्ट १९९९

बशीर,

लग्न पार पडलं. एमना सुखी आहे. तुम्ही दोघं आला नाहीत, ‘सालहाला ऊन सोसत नाही’ म्हणून निरोप धाडलात, तेही मी गिळलं. आता जे गिळता येत नाही ते लिहिते.

गोणी मी लग्नाच्या तीन दिवस आधी उघडली. चार बायका समोर होत्या. मूठ भरून ताटात ओतला आणि माझा हात तिथेच थांबला. त्या मुठीत चार आकारांचा दाणा होता. काही मोहरीएवढा, काही वाटाण्याएवढा. रंग राखाडी. त्या दाण्याने एक दिवससुद्धा ऊन पाहिलेलं नव्हतं. तीस वर्षं मी सालहाच्या हातचं खातेय, बशीर, आंधळी झाले तरी ओळखीन. हे तिच्या हातचं नाही. कुठल्यातरी दुकानातलं उरलंसुरलं भरून वर तिच्या नावाची चिठ्ठी लावून पाठवलंत. चिठ्ठीवरचं अक्षरही तुझंच.

मी त्या चार बायकांसमोर म्हटलं, ही चुकीची गोणी आली वाटतं. घाईघाईने इथल्या एका बाईकडून दुसरा घेतला. स्फाक्सवाल्यांनी निमूट खाल्लं. विहीणबाई म्हणाल्या, ‘तुमच्या वहिनीच्या हातची कीर्ती ऐकली होती, बरा आहे.’ बरा आहे. बावीस वर्षं वाट बघून ‘बरा आहे’.

जमत नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. मी काय मारणार होते? मला वाटतं सालहाच्या मनात आहे ते हे, की आजारात नेजिया आली नाही, मग नेजियाच्या लेकीसाठी मी का राबू. तसं असेल तर तोंडावर सांगावं. गोणीत भरून खोटं पाठवू नये.

गोणी दाराआड पडली आहे. कोंबड्यांना घालीन.

नेजिया

केफ, १३ ऑगस्ट १९९९

ताई, सलाम.

सोबत एक जुनं पत्र आहे. तारीख जानेवारीची आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? आता पुढचं सांगतो.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही दार लावून बसलो. ती खुर्चीवर, मी जमिनीवर, मध्ये परात. पहिल्या दिवशी जे तयार झालं ते मी गुपचूप मबरूकाच्या शेळीला घातलं, शेळीनेही थोडा विचार केला. सालहा वरून बोलत होती, ‘पाणी शिंपड, ओतू नकोस. तळवा फिरव. अरे, शिक्का मारतोयस का? हलक्या हाताने.’ तेहतीस वर्षांची सवय, ताई, माझा हात खाली पडतो तो शिक्का मारायलाच.

तिला बोटांनी कळत नाही म्हणून ती दुसऱ्या वाटा शोधते. दाणा चाळणीतून पडतो त्याच्या आवाजावरून सांगते, अजून जाड आहे. ओल किती आहे ते बघायला चिमूट उचलून खालच्या ओठाला लावते. ओठाला अजून कळतं. चिमूट तिच्या बोटांतून अर्ध्या वाटेत सांडते, म्हणून मग मीच माझ्या बोटावर दाणे घेऊन तिच्या ओठाशी धरायला लागलो. ‘ओला.’ ‘अजून ओला.’ ‘आता पीठ घाल.’ असा तीस किलो.

ऊन त्याने पाहिलं नाही हे तू अगदी बरोबर ओळखलंस. गच्चीवर पसरला असता तर मबरूकाला दिसला असता, आणि मी वर चादरी अंथरतोय हेही दिसलं असतं. म्हणून खाटेखाली, कपाटावर, बैठकीत, मिळेल तिथे वाळवला. तीन आठवडे आम्ही कुसकुसाच्या कुशीत झोपलो. मबरूका रोज दार वाजवायची, सालहा आतून ‘उद्या ये’ म्हणायची. एक दिवस तिने दार वाजवणं बंद केलं. ते मला लागलं, सालहालाही लागलं.

शेवटी गोणी शिवली तेव्हा मला वाटलं, छान झालाय. पोस्टातल्या माणसाला दाण्यातलं काय कळतं. सालहाला डोळ्यांनी दिसत होतं, तिला ठाऊक होतं. तिने गोणीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘नेजिया ओळखेल.’ मी विचारलं, मग पाठवू नको का? म्हणाली, ‘पाठव. शब्द दिलाय.’ लग्नाला ती उन्हामुळे नाही आली, ताई. तुझ्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती तिची.

तुझं पत्र मी लपवणार होतो. तिने माझा चेहरा बघितला आणि हात पुढे केला. वाचताना ‘वाटाण्याएवढा’ या शब्दावर तिला हसू फुटलं. आज सकाळी म्हणाली, ‘लिही तिला सगळं. शपथ काढून घेतली.’ म्हणून हे पत्र.

मी थकलोय, ताई. आजाराने नाही थकलो एवढा ‘सगळं ठीक’ म्हणण्याने थकलोय. हे इथे लिहितो, कारण तोंडाने म्हटलं तर तिला ऐकू जाईल.

बशीर

(खाली सालहाच्या अक्षरात)

लल्ला नेजिया, अक्षर असं वेडंवाकडं का ते आता कळेल तुला. पेन हातात आहे की पडलंय ते बघत बघत लिहावं लागतं. तू आली नाहीस याचा राग मला कधीच नव्हता, मीच येऊ दिलं नाही. एमनाला सांग, मामी खोटं बोलली पण शब्द मोडला नाही. कोंबड्यांना घातलास तर घातलास, पण आधी पाण्यात भिजव, नाहीतर बिचाऱ्यांच्या घशात अडकेल. सालहा.

गाबेस, २४ ऑगस्ट १९९९

सालहा, हे पत्र तुला. त्याने वाचलं तरी चालेल, पोस्टातल्या माणसाला दुसऱ्यांची पत्रं बघायची सवयच असते.

कोंबड्यांना घातला नाही. गोणी दाराआड होती तशीच होती. रोज येता जाता तिला ठेच लागायची आणि मी तुला शिव्या द्यायचे. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी दारात बसून वाचलं. मग गोणी उघडली, उन्हात पसरली, दोन दिवस राखत बसले. शुक्रवारी शिजवला. एमना आणि जावई आले होते. एमनाला मी आधी काही सांगितलं नाही. ती चार घास खाऊन म्हणाली, ‘आई, हा कुणी वळलाय? एकेक दाणा वेगळाच लागतो.’ तेव्हा सांगितलं. ताट तिथेच ठेवून ती रडत बसली, आणि जावयाने बिचाऱ्याने काही न कळून तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

जाड आहे. दोन गोळे माझ्या दाताखाली आले. पण खाल्ला सगळा.

आता मीही एक शपथ मोडते. बशीर लिहायचा, येऊ नकोस, आणि मी चिडून उत्तर धाडायचे. पण आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटायचं मला. आई त्याच आजारात गेली. तिला शेवटची आंघोळ मी घातली होती, तेव्हा तिच्या अंगावर काही उरलं नव्हतं. ते दुसऱ्यांदा बघायची माझी छाती नव्हती. तू दार लावलंस आणि मी त्या दाराचे मनातल्या मनात आभार मानले. मोठी बोलकी आहे ना मी, पण एवढं बोलायला वर्ष लागलं. मला माफ कर.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतेय. माझी बारीक चाळण घेऊन येतेय, तुमची बहुतेक त्याने फाडली असेल. यंदाची बेगमी गच्चीवर वाळेल. आणि दार उघडं राहील. लावलंत तर मी बाहेर बसून गल्लीला ऐकू जाईल असं बोलेन, आणि मला ते येतं, हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे.

नेजिया

केफ, ३ ऑक्टोबर १९९९

ताई, सलाम.

तू गेल्याला दोन आठवडे झाले. तू पहिल्याच सकाळी मबरूकाचा हात धरून तिला आत आणलंस आणि परातीपुढे बसवलंस, तेव्हा सालहा भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला वाटलं, आता हिने मला कायमचं तोडलं. मबरूकाने बघितलं, मी जमिनीवर, कोपरापर्यंत पिठात. ती काय म्हणेल याची मी वाट बघत होतो आणि ती म्हणाली, ‘म्हणजे माझ्या शेळीचं पोट तू बिघडवलंस.’ त्यावर सालहा वळली. पुढचं तू बघितलंसच.

तू गेल्यावरचं लिहितो. मला वाटलं होतं, ताई गेली की दार पुन्हा लागेल. लागलं नाही. मबरूका येते, तिच्या दोघी जावा येतात. पहिल्या दिवशी त्यांतल्या धाकटीने सालहापुढची परात उचलायला हात घातला. दयेनेच. सालहाने तिचा हात बाजूला केला आणि म्हणाली, ‘परात राहू दे. वळायचं तुम्ही, ओरडायचं मी.’ आणि ओरडते, ताई. मला ओरडत होती ते काहीच नव्हतं म्हणायचं. आता त्या दाणा ओठाला लावायला तिच्याकडे घेऊन येतात. काल मबरूका विचारत होती, हे आम्हालाही शिकव, बोटांपेक्षा बरं कळतं. माझं गल्लीत काय झालं म्हणशील तर कॉफीच्या दुकानात मला बाईमाणसासारखं ‘लल्ला बशीर’ म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या घरी माझ्या हातचा कुसकुस जातो.

बोटांचं काही नवीन नाही. गेल्या आठवड्यात ट्यूनिसला दाखवून आलो. गाठ नाही. बोटांबद्दल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्ष झालं, आता आशा कमी धरा. सालहाने मान हलवली आणि त्यांना विचारलं, तुमच्या घरी बेगमी कोण करतं? येताना बसमध्ये ती झोपली नाही. मीच झोपलो, तिच्या खांद्यावर. उठलो तेव्हा तिने माझी पिशवी मांडीवर घेतली होती, पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळून, कारण सुटला तर तिला कळणार नव्हतं.

काल शेवटची चादर गच्चीवर पसरली. बायका खाली गेल्या होत्या. मी परात धुवायला घेतली, तर ती म्हणाली, ‘हात इकडे आण.’ मला वाटलं दाणा राहिलाय, मी नेहमीसारखं बोट पुढे केलं. बोटावर काही नव्हतं. तिने ते तसंच ओठाला लावलं. मग दुसरं, मग तिसरं. पाचही झाली. तिथे काय बघतेस म्हणून मी विचारलं.

‘भेगा पडल्यात सगळ्या,’ म्हणाली. ‘परात राहू दे. जा, झोप जरा. आता मी आहे.’

मी गेलो आणि झोपलो, ताई. उठलो तेव्हा परात अर्धवट धुतलेली होती, एक ग्लास फुटला होता, आणि ती दारात मबरूकाशी बोलत बसली होती.

तुझा भाऊ,
बशीर